झाकणाचा महिमा

घरात दूध वेळेवर येतं, पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं. कागद मात्र केव्हाही येतो. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, मिक्सरची वॉरंटी, मुंजीची पत्रिका, रक्ततपासणीचा रिपोर्ट, शिवाय बँकेने 'कृपया जपून ठेवावे' असं बजावून पाठवलेलं आणि का जपायचं ते न सांगितलेलं एक पत्र. आलेला कागद फाडून टाकायला जी छाती लागते, ती देवाने मध्यमवर्गीय माणसाला दिलेली नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' या एका वाक्यावर आपली निम्मी कपाटं उभी आहेत.

अशा माणसाला जुन्या 'सेक्रेटरी' डेस्कचा फोटो दाखवणं हे पाप आहे. खाली तीन-चार मोठे खण, वर काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट आणि मधोमध एक तिरकी फळी. ही फळी पुढे ओढून आडवी केली की तिचंच लिहायचं टेबल होतं आणि आत दिसतात कप्पेच कप्पे. उभे, आडवे, पत्राच्या मापाचे, शाईच्या दौतीच्या मापाचे, शिवाय मधे चिमुकल्या दाराचं एक कपाट. लिहिणं संपलं की फळी उचलायची, कुलूप लावायचं, किल्ली खिशात. फोटो बघणाऱ्याला त्या कप्प्यांत आपलं भावी आयुष्य दिसू लागतं. यापुढे विम्याचा हप्ता चुकणार नाही, पासपोर्ट सापडेल, मेव्हण्याच्या पत्राला उलट टपाली उत्तर जाईल. मेव्हणा पत्र लिहीत नाही, ही बाब त्या क्षणी आड येत नाही.

या फर्निचरचा इतिहास चाळल्यावर माझं मत मात्र वेगळं झालं आहे. त्याची खरी करामत कप्प्यांत नाहीच. ती झाकणात आहे. माणसाला आजवर कागद आवरता आलेले नाहीत. त्याला फक्त ते झाकता आलेले आहेत.

फ्रान्सचा पंधरावा लुई घ्या. त्याच्या टेबलाचं काम झां-फ्रांस्वा ओबेन नावाच्या कारागिराने १७६० मध्ये हाती घेतलं. टेबल तयार झालं १७६९ मध्ये. मधल्या काळात ओबेन वारला. त्याच्या हाताखालच्या झां-आंरी रीझनेरने टेबल पुरं केलं आणि ओबेनच्या विधवेशी लग्नही केलं. 'परवा देतो' म्हणून गणपती ते दिवाळी खेपा घालायला लावणाऱ्या आपल्या सुताराला नावं ठेवण्याआधी ही नऊ वर्षं ध्यानात घ्यावीत. आपला सुतार निदान तेवढ्या अवधीत मरत नाही आणि त्याच्या बायकोला दुसरा सुतार बघावा लागत नाही.

त्या टेबलाचं झाकण अर्धगोल आहे आणि वरून खाली सरकतं. किल्ली पाव फेरा फिरवली की झाकणासकट सगळं टेबल उघडतं. एवढा बंदोबस्त कशासाठी? तर हा राजा स्वतःच्याच मंत्र्यांना चुकवून परराष्ट्रांशी एक खाजगी गुप्त राजकारण चालवत होता. टेबलावर काय पडलंय ते नोकरांच्या दृष्टीस पडता कामा नये. पण मग दौतीत शाई कोण घालणार? राजा तर घालणार नाही. म्हणून बाजूला असे छोटे खण काढले की नोकराने बाहेरच्या बाहेर शाई भरावी आणि झाकणाला हात न लावता निघून जावं. अख्ख्या युरोपच्या राजकारणात लुडबुड करणाऱ्या माणसाची अडचण अखेर घरच्या गड्यापाशी येऊन थांबते, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढे राज्यक्रांती झाली. राजघराण्याच्या खुणा फर्निचरवरून पुसून टाकायचा हुकूम निघाला आणि ते काम कुणाला मिळालं? रीझनेरलाच. आधी मुद्रा कोरायचे पैसे घेतले, मग खोडायचे. सरकारं बदलतात, कंत्राटदार तोच राहतो, ही परंपरा केवळ आपलीच आहे असा जो एक गैरसमज आहे तो यामुळे दूर व्हायला हरकत नाही.

पंधरावा लुई वारला १७७४ मध्ये. त्याच वर्षी इकडे पुण्यात बारभाईंची खलबतं चालली होती. नाना फडणविसांच्या बातमीदारांचं जाळं काही लुईच्या जाळ्याहून लहान नव्हतं आणि कागदपत्रांचा पसाराही कमी नव्हता. पण पेशवाईने त्यासाठी नऊ वर्षं सुतार बसवला नाही. कारकून बैठकीवर मांडी घालून बसत, कलमदान शेजारी असे. कागद लिहून झाले की एकावर एक रचायचे, चौकोनी कापडात गुंडाळायचे आणि गाठ मारायची. झाला रुमाल तयार. पेशवे दप्तराचे असे हजारो रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आजही आहेत. मोडी वाचणारे अभ्यासक येतात, गाठ सोडतात, शिंकतात आणि कामाला लागतात. कप्पे शून्य, झाकण शंभर टक्के. नानांना बिजागरी लागली नाही, किल्ली लागली नाही आणि शाई भरणाऱ्या गड्यासाठी वेगळी वाट काढावी लागली नाही.

आपल्या बाजूच्या सुतारांना कप्पे करता येत नव्हते असं मात्र कुणी समजू नये. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज घरांसाठी 'कोंतादोर' नावाची खणांची कपाटं होत. सागवानात काळ्या शिसवीची जडवलेली गोल गोल नक्षी, पितळी कड्या, आणि खाली पाय म्हणून कोरलेल्या नागिणी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे नमुने आहेत. कागदांची राखण चार नागिणी करताहेत, ही कल्पना मला किल्लीपेक्षा पसंत आहे. आयकर खात्याचा माणूस आला तर तो आधी पायांकडे बघेल.

पण कप्प्यांच्या नादात माणूस कुठवर जाऊ शकतो हे बघायचं तर अमेरिकेत जावं लागतं. इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने १८७४ मध्ये एका डेस्कचं पेटंट घेतलं. बाहेरून ते भरभक्कम कपाट. समोरचे दोन जाडजूड दरवाजे उघडले की दोन्ही पंखांत कप्पे, मध्ये कप्पे, मधली फळी पाडली की आत आणखी कप्पे. सगळे मिळून शंभराच्या वर. दाराला पत्र टाकायची फट, म्हणजे मालक कुलूप लावून जेवायला गेला तरी टपाल आत पडलं पाहिजे. हे डेस्क चार प्रतींत मिळे : ऑर्डिनरी, स्टँडर्ड, एक्स्ट्रा आणि सुपिरियर. रॉकफेलरकडे हे डेस्क होतं, राष्ट्राध्यक्ष ग्रँटकडे होतं. शंभर कप्प्यांचं डेस्क घेणाऱ्या माणसाला 'मला ऑर्डिनरी द्या' असं दुकानात मोठ्याने म्हणताना काय वाटत असेल, याचा विचार वूटनने केलेला दिसत नाही.

आणि मग हे कप्पे मेले. कशाने मेले, तर कागद न दुमडल्याने. जुना रिवाज असा की पत्र आलं की त्याची उभी घडी घालायची, पाठीवर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं आणि कप्प्यात सरकवायचं. कप्प्याचं माप घडीवरून ठरलेलं. मग टाइपरायटर आला, कार्बन आला, एका पत्राच्या तीन-तीन प्रती व्हायला लागल्या. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कागद फोल्डरमध्ये घालून खणात उभे ठेवायची पद्धत लोकांनी पाहिली आणि घडी घालायचं कारणच उरलं नाही. शंभर कप्प्यांचा मालक सपाट कागद हातात धरून उभा राहिला. खुद्द वूटन तर त्याआधीच धंदा सोडून धर्मोपदेशक झाला होता. लोकांचे कागद लावून द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढे आत्म्याचा उद्धार हे त्या मानाने सोपं काम वाटलं असल्यास नवल नाही.

एवढं सगळं माहीत असूनही आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सेक्रेटरी डेस्क घ्यायचं ठरवलं. काका बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. खरेदीला काकूंबरोबर मलाही घेतलं, कारण मी 'असलं काहीबाही वाचत असतो'. ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरच्या दुकानांची रांग आहे. बाहेर फूटपाथवर उलट्या टांगलेल्या खुर्च्या, आत अंधार आणि पॉलिशचा वास. दुकानदाराने काकांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पारसी बंगले का माल है. बर्मा टीक. एकदम ओरिजिनल." मुंबईत आजवर विकलं गेलेलं सगळं जुनं फर्निचर खरोखर पारशी बंगल्यांतून निघालं असेल, तर दर पारशी कुटुंबाकडे किमान चाळीस डेस्कं असली पाहिजेत आणि झोपायला जागा नसली पाहिजे.

काकांनी मात्र कर्जाच्या अर्जाची छाननी करावी तशी डेस्कची छाननी केली. खण पूर्ण बाहेर काढला. कडेचे सांधे बघितले. हाताने कापलेल्या डव्हटेलचे दात थोडे कमीजास्त असतात. सगळे एकसारखे असले की समजावं, मशीनचं काम. मग डेस्कच्या पाठीमागे गेले. दर्शनी बाजूला कुणीही पॉलिश मारतं, पाठीला कुणी मारत नाही, तेव्हा लाकडाचं खरं वय पाठीवरून कळतं. वरच्या कपाटाची पाठ आणि खालच्या खणांची पाठ वेगवेगळ्या लाकडाची निघाली, तर दोन निरनिराळ्या डेस्कांचे अर्धे-अर्धे भाग एकत्र आणले आहेत हे उघड. विलायतेतले दुकानदार अशा जोडकामाला सरळ 'लग्न' म्हणतात. आमच्या दुकानदाराने "थोडा रिपेअर है" एवढंच म्हटलं. लग्नाबद्दल याहून समतोल उद्गार मी ऐकलेला नाही.

लाकडाला किडीची भोकं होती. दुकानदाराने ती कौतुकाने दाखवली, कारण कीड म्हणजे वयाचा दाखला. काकांनी काकूंच्या पर्समधून सुई मागून घेतली आणि भोकात घातली. कीड लाकडात वाकडीतिकडी फिरते, तेव्हा सुई अडली पाहिजे. सुई सरळ आत गेली तर ते भोक किडीने नव्हे, ड्रिल मशीनने पाडलेलं. सुई अडली. काकांचा चेहरा उजळला. घरात कीड आणतोय याचा इतका आनंद मी कुणाला झालेला पाहिला नव्हता.

मग दुकानदाराने आवाज खाली आणला. चोरकप्पा दाखवायची वेळ झाली होती. मधल्या चिमुकल्या दाराच्या दोन्ही बाजूंना नक्षीचे दोन खांब होते. त्याने एक खांब धरून पुढे ओढला, तर मागून उभी, अरुंद पेटीच बाहेर आली. काका थक्क. आता अडीचशे वर्षं झाली, या जातीच्या डेस्कांत चोरकप्पा खांबामागेच असतो. तिथे नसला तर कप्प्यांवरच्या नक्षीदार पट्टीमागे, आणि तिथेही नसला तर लिहायच्या फळीच्या आत, सरकत्या झाकणाखाली. पट्टी घेऊन खणांची खोली मोजावी. जो खण शेजारच्यापेक्षा आखूड, त्याच्या मागे काहीतरी आहे. हे लिलाववाल्यांना माहीत आहे, दुकानदारांना माहीत आहे, आणि चोरांचा व्यवसायच असल्याने त्यांना सर्वांत आधी माहीत आहे. माहीत नसतं फक्त मालकाला. काकू हळूच मला म्हणाल्या, "यापेक्षा आमचा तांदळाचा डबा बरा." तांदळाचा डबाही चोरांना माहीत आहे, पण निदान त्याच्यासाठी कुणी वेगळे पाच हजार मागत नाही.

भावाबद्दल बोलायचं तर इंग्लंड-अमेरिकेत असल्या गडद लाकडाच्या साध्यासुध्या जुन्या फर्निचरला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी विचारेनासं झालं आहे आणि भाव पार कोसळले आहेत. ही बातमी ओशिवऱ्यात अजून पोहोचलेली नाही.

डेस्क लिफ्टमध्ये मावलं नाही. ते दोन तुकड्यांत होतं हे नशीब. 'लग्न' जिन्यात तात्पुरतं मोडून वर गेल्यावर पुन्हा लावलं. हमालांनी मजल्यागणिक पैसे घेतले आणि वॉचमनने काही न उचलता घेतले. काकांनी संध्याकाळीच कप्प्यांवर चिठ्ठ्या डकवल्या : बँक, विमा, सोसायटी, दवाखाना, गावची जमीन, पत्रव्यवहार. उरलेल्या एका कप्प्याला काय म्हणायचं हे सुचेना, तेव्हा सरकारी सवयीने लिहिलं : संकीर्ण.

तिथेच सगळं ठरून गेलं होतं. विम्याच्या कप्प्यात पॉलिसी शिरेना, कारण पॉलिसी आजच्या ए-फोर कागदावर आणि कप्पा अडीचशे वर्षांपूर्वीच्या घडीवर. मुदत ठेवीची पावती दुमडायला काका तयार नव्हते; तीस वर्षं लोकांना 'फोल्ड करू नका' म्हणून सांगितलेला माणूस. लॅपटॉप फळीवर ठेवला तर पडदा मागच्या कप्प्यांना टेकतो आणि पुरता उघडत नाही. चार्जरची वायर आत न्यायला भोक नाही, आणि जी भोकं आहेत ती किडीची. मग विम्याचे कागद खालच्या खणात गेले आणि कप्प्यांत ज्या वस्तू मावल्या त्या राहायला आल्या : रबरबँड, सेफ्टी पिना, नखं कापायचं यंत्र, रिमोटचे संपलेले पण न टाकलेले सेल, कुठल्या कुलपाची हे कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली, मारुतीचा अंगारा. पत्रव्यवहाराच्या कप्प्यात लग्नपत्रिका, कारण आपल्याकडे अजून टपालाने येणारा पत्रव्यवहार तेवढाच. आणि संकीर्ण असा फुगला की तो बाहेर येऊन शेजारच्या दोन कप्प्यांत शिरला.

असल्या डेस्कची फळी आडवी करण्याआधी खालून दोन दांडे बाहेर ओढायचे असतात. फळी त्यांच्यावर टेकते. दांडे ओढायचे राहून गेले आणि माणसाने फळीवर कोपर टेकलं, तर सगळा भार बिजागऱ्यांवर येतो आणि लाकूड चिरतं. जुन्या डेस्कांत बिजागरीजवळ ठिगळ दिसलं की समजावं, दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानेही घाईघाईत कोपर टेकलं होतं. काकांच्या घरी हा मान जावईबापूंना मिळाला. मिस्त्री आला. चिरलेली फळी न्याहाळून म्हणाला, "फेविकॉल मारके ऊपर से सनमायका लगा देते हैं अंकल, नया हो जाएगा." नवं होऊ नये म्हणूनच तर एवढे पैसे मोजलेत, हे त्याला समजावून सांगता सांगता काकांचा चहा गार झाला. शेवटी लाखेचं पॉलिश देणारा एक म्हातारा कारागीर मिळाला. या पॉलिशला जगभर 'फ्रेंच पॉलिश' म्हणतात. त्यातली लाख मुख्यतः आपल्या जंगलांतली. फ्रेंचांनी बोळा फिरवला आणि नाव लावलं.

आता फळी दुरुस्त झाली आहे आणि डेस्क फार सुंदर दिसतं. बंद असताना. काकूंना त्याचं मर्म पहिल्या दिवसापासून कळलं होतं. दाराची बेल वाजली की त्या आतूनच सांगतात, "अहो, आधी ते झाकण लावा." फळी वर जाते, कुलूप खट्ट वाजतं, आणि रबरबँड, अंगारा, संकीर्ण सगळं एका क्षणात अठराव्या शतकात नाहीसं होतं. पाहुणे म्हणतात, "वा! काय हो शिस्त तुमची!" काका किल्ली खिशात टाकून नम्रपणे हसतात. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी हे हसू आधी पाहिलं नव्हतं.

जून १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज्‌च्या लिलावात असंच एक डेस्क विकलं गेलं. न्यूपोर्टच्या कारागिरांनी १७६० च्या दशकात निकोलस ब्राउन नावाच्या व्यापाऱ्यासाठी केलेलं, नऊ फुटांहून उंच, महोगनीचं, दर्शनी बाजूला सहा शिंपले कोरलेले. किंमत आली एक कोटी एकवीस लाख डॉलर; लिलावात फर्निचरला तोवर कधी न मिळालेली. ब्राउनच्या वंशजांनी ते का विकलं? तर प्रॉव्हिडन्समधलं त्यांचं जुनं घर दुरुस्तीला आलं होतं. एक डेस्क विकून त्यांनी अख्खं घर सावरलं. मुंबईत हे गणित उलटं बसतं : नऊ फुटी डेस्क ठेवायचं तर आधी मोठं घर घ्यावं लागेल, आणि छतही दहा फुटी बघावं लागेल. ते शिंपले आत नव्हे, बाहेर कोरलेले आहेत, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे. त्या दशकातल्या कारागिरालाही ठाऊक होतं की डेस्कचा जास्तीत जास्त वेळ बंद अवस्थेत जायचा आहे.

तेव्हा कुणी मला विचारलंच, तर माझा सल्ला असा. जुनं सेक्रेटरी डेस्क जरूर घ्यावं. आधी लिफ्ट मोजावी, मग डेस्क. कप्पे मोजू नयेत. किती का असेनात, त्यांचा शेवट संकीर्णात होतो. चोरकप्प्याचे वेगळे पैसे देऊ नयेत. बिजागऱ्या, दांडे, कुलूप आणि झाकण मात्र दहादा लावून-उघडून बघावं, कारण आपण तेवढंच विकत घेत असतो. आणि ज्यांच्याकडे तीन फूट भिंतही रिकामी नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांनी पेशव्यांचा मार्ग धरावा. बोहारणीला द्यायला काढलेली एखादी सुती साडी घ्यावी, चौकोनी फाडावी, घरातले सगळे कागद तिच्यात रचून घट्ट गाठ मारावी आणि बेल वाजली की गाठोडं पलंगाखाली ढकलावं. पाहुणे शिस्तीचं कौतुक तेवढंच करतील, आणि हमालाचे पैसे वाचतील ते वेगळे.